सैल खुंटी

१२ जानेवारी

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. भावोजींचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. फोन करण्यात अर्थ नाही हे मला आता पटलंय. तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस. मागच्या खेपेला मी पंख बसवला म्हणालो, तर तू भावोजींना सांगितलंस की धाकट्याला उकडतंय म्हणून त्याने पंखा बसवला. त्यापेक्षा पत्र बरं.

तर पंखांचं काम संपलं. दोन्ही विमानांचं. आमच्या बंद गिरणीच्या मागच्या शेडमध्ये मास्तरांचं विमान खिडकीकडे आणि माझं भिंतीकडे, अशी दोन जुळी भावंडं उभी आहेत. मास्तरांना तू एकदाच पाहिलंस, शेजारच्या गल्लीतले ते चित्रकलेचे मास्तर. दोघेही एकाच वर्षी निवृत्त झालो आणि एकाच कंपनीचे सुट्ट्या भागांचे खोके मागवले. नकाशे ते वाचतात, धातूचं काम मी करतो. त्यांच्या हातात ड्रिल दिलं की वहिनी, म्हणजे मास्तरांच्या सौ., घराचं दार लावून घेतात.

सध्या एका क्षुल्लक गोष्टीने डोकं खाल्लंय. विमान चालवणारा हातातला दांडा पुढे-मागे करतो, आणि एक लांब रॉड ती हालचाल शेपटीतल्या फळीपर्यंत पोचवतो. त्यावर विमानाचं नाक वर-खाली होतं. रॉड म्हणजे ॲल्युमिनियमची पोकळ नळी. तिच्या दोन्ही टोकांत आटे पाडलेली एकेक खुंटी बसवायची, रिव्हेट मारायचे आणि पुढचा सांधा त्या आट्यांत फिरवायचा. खुंटी कशी हातोडीने हलके ठोकत आत जायला हवी. आमच्या खुंट्या बोटाने ढकलल्या की आत जातात आणि नळी उभी धरली की टेबलावर पडतात. व्हर्नियर लावून मोजलं, पाव मिलिमीटरची फट.

कंपनीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की बऱ्याच जणांच्या खुंट्या सैल निघाल्यात. नळी आतून आणि खुंटी बाहेरून पॉलिश पेपरने खरवडा, तेलाचा अंश राहू देऊ नका, एपॉक्सीचा गोंद भरून बसवा, मग रिव्हेट मारा. नाहीतर नव्या खुंट्या पाठवू, तीन महिने लागतील. मास्तर म्हणाले, थांबू या. मी म्हणालो, तीस वर्षं गिरणीत फिटर होतो, सैल झालेल्या मशिनी घट्ट करण्यातच माझं आयुष्य गेलं, मला नव्या खुंट्यांची वाट पाहायला लावू नका. शेवटी ते हसले आणि म्हणाले, बरं, हात तुमचा. पंखांतले रॉड झालेत. आता दोन शेपटीचे राहिलेत, एक त्यांचा, एक माझा.

भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा
धाकटा

२० जानेवारी

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद.

आधी घाबरू नकोस, मग पुढचं वाच. परवा हे न्हाणीघरात घसरले आणि मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. काल ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, छान झालं. डॉक्टरांना सगळंच छान वाटतं. मला विचारशील तर हे पडल्यापासून छताकडे बघून पडलेत आणि मी काही विचारलं की डोळे मिटतात.

सव्वीस तारखेला घरी सोडणार आहेत. आपलं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, खालच्या मजल्यावरचा एकटा शिंपी मदतीला येईल, पण त्याचीच पाठ धरलेली असते. मी रडत नाहीये. पण एकटीने हे मला जमणार नाही. तुझी विमानं चार दिवस उडायची थांबली तर आभाळाचं काही बिघडणार नाही. मिळेल त्या गाडीने ये.

तू येईपर्यंत जेवणावर मन लागणार नाही, म्हणजे लवकर ये.

तुझी
अक्का

२४ जानेवारी

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र आत्ता सकाळी मिळालं. आज दुपारच्या गाडीने निघतो, उद्या तुझ्याकडे. हे कार्ड माझ्या आधी पोचणार नाही हे कळतंय, पण मी गाडीत असताना काहीतरी तुझ्याकडे निघालेलं असावं म्हणून टाकतो.

एपॉक्सी कालवून ठेवलंय, ते अर्ध्या तासात दगड होईल. शेपटीच्या रॉडांची चार टोकं होती, दोन झाली. उरलेली दोन उरकतो, रिव्हेट मारतो आणि स्टेशन गाठतो. भावोजींना सांग, जिन्यावरून त्यांना नवरदेवासारखं वर आणू.

धाकटा

१९ जून

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल मास्तर उडाले.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ नुसता त्याच्याकडे पाहत बसलो. सरकारी तपासनीस गेल्या आठवड्यात येऊन विमान पास करून गेले होते. प्रत्येक दांडा, प्रत्येक फळी हलवून पाहिली त्यांनी, कुठे खुट्ट नाही. म्हणाले, हे काम कुणाचं? मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा मी उभा.

धावपट्टी म्हणजे गावाबाहेरचा गवत कापलेला लांबट तुकडा. वहिनी माझ्या शेजारी होत्या. विमान सुटलं तसे त्यांनी डोळे मिटले, आणि मला म्हणाल्या की खाली आले की सांगा. वीस मिनिटं त्यांनी डोळे उघडले नाहीत. मास्तर उतरले तेव्हा त्यांचा चष्मा वाकडा झाला होता. मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि उलटेसुलटे करून पाहिले, जणू आतून काही चमत्कार दिसणार आहे.

माझं विमान मागे पडलंय. इंजिन अजून खोक्यात आहे. घाई नाही, आता कसं करायचं ते समोर आहे माझ्या. भावोजी काठी घेऊन गच्चीपर्यंत जातात हे वाचून मला मास्तर उडाले त्याच्याइतकाच आनंद झाला. तू दोघांवरही ओरडत जाऊ नकोस.

जिव्हाळा आहे तेवढा पुरे, वाढला तर हरकत नाही.

धाकटा

११ ऑक्टोबर

अक्का,

मास्तर गेले. रविवारी सकाळी.

मी धावपट्टीवरच होतो, चहाचा थर्मास घेऊन. ते अर्धा तास फिरून परत येत होते. उतरायला वळले, सरळ झाले, खाली येऊ लागले, सगळं रोजच्यासारखं. मग नाक खाली गेलं आणि वर आलंच नाही. इंजिनचा आवाज शेवटपर्यंत चालू होता. पट्टीच्या अलीकडच्या शेतात पडले. मी धावलो, पण धावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवतो हे तुला माहीत आहे. मी सांगायला गेलो तेव्हा वहिनींनी तीन ताटं घेतली होती. मला एकट्याला दारात बघून त्यांनी एक ताट उचलून परत फडताळात ठेवलं. मला सांगावं लागलं नाही.

यापुढे आज लिहवत नाही.

धाकटा

१७ ऑक्टोबर

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं, कारण माझे डोळे दुसऱ्या ओळीवरच थांबले. काय लिहू? सांत्वनाची वाक्यं मला येत नाहीत आणि तुला आवडत नाहीत.

एवढं कर, वेळेवर जेव. शेडमध्ये एकटा बसू नकोस. शेडला कुलूप घाल आणि महिनाभर इकडे ये. इथे मी बोलेन, हे गप्प बसतील, तुला जे हवं त्याच्या शेजारी बस. मास्तरीणबाईंकडे कुणी आहे का? माहेरचं कुणी? त्यांनाही विचार, इथे दोन खोल्या आहेत.

आणि जे घडलं ते पुन्हा पुन्हा मनात चालवू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. लहानपणी घड्याळ बंद पडलं की तुझ्यामुळेच पडलं असं तुला वाटायचं.

तू खुशाल आहेस असं चार शब्दांत तरी कळव. खोटं असलं तरी चालेल.

तुझी
अक्का

२ नोव्हेंबर

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

खुशाल नाही.

शेडला कुलूप घातलं नाही, उलट रोज जातो. नाक वर का आलं नाही, याची कारणं मोजकी आहेत. इंजिन चालू होतं. मास्तरांना झटका आला नव्हता, तसं डॉक्टरांनी लिहून दिलंय. राहतो तो दांडा, शेपटीची फळी आणि दोघांच्या मधला रॉड.

शेपटीचे दोन्ही रॉड मी केले. चार टोकं. पहिल्या दोन टोकांना पॉलिश पेपर मारल्याचं मला आठवतं, अंगठ्याचं कातडं सोलवटलं होतं. उरलेल्या दोन टोकांचं मला काहीच आठवत नाही. एक टोक त्यांच्या रॉडचं, एक माझ्या रॉडचं. त्या दिवशी थोडी घाई होती. मी रात्रंदिवस ते टेबल डोळ्यांपुढे आणतो. एपॉक्सीची वाटी दिसते, खुंट्या दिसतात, पेपर हातात दिसत नाही.

मग काल मी माझ्या विमानातून शेपटीचा रॉड बाहेर काढला. मागच्या टोकाची नळी करवतीने उभी चिरली. आत सगळं खरवडलेलं, एपॉक्सी असं धरून बसलेलं की छिन्नीने निघेना. मग पुढचं टोक. रिव्हेट ड्रिलने काढले आणि सांधा धरून ओढला. खुंटी हातात आली, अक्का. सालीसारखी एपॉक्सी तिला चिकटलेली, आणि नळी आतून चकचकीत. आरशासारखी. कारखान्यातून आलेल्या तेलासकट.

असला सांधा पहिल्या दिवशी निसटत नाही. रिव्हेट धरून ठेवतात. तपासनीस हलवून बघतात तेव्हा घट्ट वाटतो. मग रोजच्या धक्क्यांनी खुंटी आतल्या आत हलायला लागते, रिव्हेटची भोकं लांबट होतात, आणि एक दिवस रिव्हेट तुटतात. तीस वर्षं मी दुसऱ्यांना हे शिकवलंय.

चौकशीचा अहवाल यायला दोन महिने आहेत. मला वाटतं वहिनींना आताच सांगावं.

धाकटा

८ नोव्हेंबर

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मिळेल तेव्हा तू गेला नसशील अशी आशा करते. जाऊ नकोस. मी तुला खोटं बोल असं सांगत नाही, थांब असं सांगते. तुझ्या विमानातला रॉड सैल निघाला म्हणजे त्यांचाही होता असं नाही. अहवालात काही वेगळंच निघालं तर? मग त्या बाईने आयुष्यभर तुझ्याकडे बघून काय समजायचं? आणि तू जाशील कुठे? त्या गावात तुझं दुसरं घर आहे का?

थांब. दोन महिने. माझ्यासाठी.

तुझी
अक्का

९ नोव्हेंबर

धाकट्या,

कालचं पत्र टाकून आले आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. त्या दिवशी थोडी घाई होती, असं तू लिहिलंस. कोणता दिवस, ते लिहिलं नाहीस. तुला तारखा लिहायची सवय आहे, म्हणून मला ते खटकलं.

तुझी पत्रं मी कपाटात खालच्या खणात ठेवते. सगळी काढली. २४ जानेवारीचं कार्ड सापडलं. चार टोकं होती, दोन झाली, उरलेली दोन उरकतो.

मिळेल त्या गाडीने ये, असं मी लिहिलं होतं. तुझी विमानं चार दिवस थांबली तर आभाळाचं काही बिघडणार नाही, असंही मीच लिहिलं होतं. ह्यांनी ते कार्ड वाचलं आणि काठी घेऊन आत जाऊन बसले. तू मला हे कळू देणार नव्हतास. कालचं माझं पत्र फाडून टाक. तुला काय करायचं ते कर, मला आता सल्ला देण्याचं तोंड नाही.

अक्का

२० नोव्हेंबर

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. तोवर मी जाऊन आलो होतो.

आधी कार्डाचं बोलतो. तारीख मी मुद्दाम लिहिली नव्हती, आणि तू खण उपसशील हे मला कळायला हवं होतं. तू बोलावलंस म्हणून मी आलो, ते योग्य होतं, उद्या बोलावलंस तरी येईन. पण पेपर माझ्या हाताशी होता. दोन टोकं खरवडायला फार तर पाच मिनिटं लागतात. आणि ऐक, त्या दिवशी गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. मी फलाटावरच्या बाकावर बसून होतो, पाय पसरून, काम उरकलं म्हणून खुशीत. तेव्हा तू या हिशोबात नाहीस. मला तुला यात भागीदार करायचं नाही. एकट्याला पुरून उरेल एवढं आहे.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी दोन्ही खुंट्या बरोबर नेल्या होत्या, चिकटलेली आणि निसटलेली. टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं, शाळेतल्यासारखं उभं राहून. त्यांनी निसटलेली खुंटी उचलली, बोटांत फिरवली. मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तीन महिने थांबायचं म्हणत होते ते. मीच म्हटलं, तुमचे मित्र करतायत ना, मग कशाला थांबता."

मग त्यांनी मला जायला सांगितलं. आवाज चढवला नाही. दार लावताना म्हणाल्या, रविवारी येऊ नका.

दोन रविवार झाले. त्या दिवशी मी शेडमध्ये बसतो. खिडकीकडची जागा रिकामी आहे आणि तिथे फरशीवर मास्तरांनी खडूने काढलेल्या रेघा तशाच आहेत. माझ्या विमानाकडे बघवत नाही. मोडीत द्यावं म्हणतो, पण त्यासाठीही हात लावावा लागेल आणि माझ्या हातांची मला किळस येते. काल ग्लास धरताना मी घट्ट धरलाय का ते दोनदा पाहिलं.

आता काही सुचवू नकोस. फक्त पत्र टाकत जा.

धाकटा

३ डिसेंबर

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद.

काही सुचवत नाही. नुसती बातमी देते. खालच्या शिंप्याने नवीन चष्मा केला आणि पहिल्याच दिवशी माझ्या झंपराला उलटी बाही लावली. चूक कळल्यावर तो तासभर माझी क्षमा मागत होता. मी म्हटलं, अरे बाबा, बाहीच आहे. आणि घरी येऊन रडले.

हे माझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते. मला वाटलं माझ्यावर राग आहे. काल संध्याकाळी गच्चीवरून आले, दम लागलेला, आणि म्हणाले की मी चालतो ते धाकटा धावत आला त्या दिवसामुळे चालतो, तेव्हा मला प्रत्येक पायरीवर मास्तर दिसतात. मग बसले आणि त्यांनी एक प्रश्न विचारला. मी तो तुला तसाच लिहिते, कारण उत्तर मला येत नाही. ही विमानं कंपनीने आणखी किती जणांना विकलीत, असं त्यांनी विचारलं.

तुला वाटलं तर उत्तर दे. न वाटलं तरी आम्ही दोघं आहोत.

तुझी
अक्का

१४ जानेवारी

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

अहवाल आला. शेपटीच्या रॉडचं पुढचं टोक निसटलेलं होतं. खुंटीवर एपॉक्सी अखंड, नळी आतून खरवडलेली नाही. मला नवीन असं त्यात एक अक्षर नव्हतं. तरी कुठेतरी मी वाट पाहत होतो की दुसरं काही निघेल.

चौकशीच्या साहेबांना मी स्वतः भेटलो आणि सांगितलं की हा सांधा मी केला. त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले की कागदोपत्री विमान बांधणारे मास्तरच होते, सह्या त्यांच्या आहेत, तेव्हा तुमच्यावर काही येत नाही. मला पाणी दिलं. बाहेर आलो तर रस्त्यावर लोक भाजी घेत होते. मला कुणीतरी धरून नेलं असतं तर चालताना कुठे जायचं ते तरी कळलं असतं.

भावोजींना सांग, दोनशे अकरा. कंपनीला विचारलं होतं. दोनशे अकरा लोकांनी ही विमानं घेतलीत, त्यातली चाळीसेक उडतात, बाकीची कुणाकुणाच्या शेडमध्ये अर्धवट आहेत. सैल खुंट्या किती जणांच्या होत्या ते त्यांनाही ठाऊक नाही.

मी त्या सगळ्यांना उद्देशून एक पत्र लिहिलं. माझा धंदा काय, अनुभव किती, काय विसरलो, कोण गेलं. शेपटीच्या रॉडचे रिव्हेट काढा आणि खुंटी ओढून पाहा, हलवून बघण्यावर विसंबू नका, असं शेवटी लिहिलं. कंपनी छापून सगळ्यांना पाठवायला तयार झाली, पण म्हणाली सोबत सांध्याची आकृती हवी. आकृत्या मास्तर काढायचे. मी चार कागद खराब केले. माझी नळी लाटण्यासारखी दिसते.

शेवटी मी वहिनींच्या दारात पत्र टाकलं, की मास्तरांच्या वहीत त्या सांध्याची आकृती आहे, देता आली तर द्या, नाही दिलीत तरी मला समजेल. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी शेडच्या दाराला पाकीट अडकवलेलं होतं. वहीचं पान, नीट कापलेलं. बरोबर चिठ्ठी नव्हती.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटा

२२ मार्च

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्रं यायला लागलीत. आतापर्यंत सव्वीस. बहुतेकांच्या खुंट्या पक्क्या निघाल्या. दोघांनी मला खूप वाईट लिहिलंय, ती पत्रंही मी ठेवली आहेत, त्यात खोटं काही नाही. एकाने नुसतं लिहिलं की पत्रक वाचलं.

परवाचं पत्र एका दंतवैद्याचं होतं, कुठल्या तरी लांबच्या गावचा. त्याचं विमान दोन वर्षं उडतंय. पत्रक मिळालं तेव्हा त्याने ते बाजूला ठेवलं होतं, दोनशे तास उडालोय, आता काय व्हायचंय, म्हणून. मग आकृती बघून राहवेना, तेव्हा रिव्हेट काढले. मागच्या टोकाची खुंटी दोन बोटांत बाहेर आली. रिव्हेटची भोकं शेंगेसारखी लांबट झाली होती. त्याने लिहिलंय की आयुष्यभर मी दात उपटतोय, पण इतक्या सहज काही निघालेलं पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतर मी शेडच्या पायरीवर बसून राहिलो.

वाचून मला आनंद झाला असं तुला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. झाला नाही. मी ते पत्र हातात धरून मास्तरांच्या रेघांपाशी बसलो, आणि मला एवढंच वाटलं की हेच पत्र कुणीतरी आम्हाला मागच्या सप्टेंबरात लिहिलं असतं तर. मास्तर गेले त्यात एका केसाचा फरक पडलेला नाही. मी जे केलं ते जिथल्या तिथे आहे. भावोजींनी तो प्रश्न विचारला नसता तर मी हे केलंही नसतं, एवढी माझी लायकी.

तरी पत्र वहिनींना दाखवायला हवं होतं, आकृती त्यांनी दिली होती. रविवारी येऊ नका म्हणाल्या होत्या, म्हणून मंगळवारी गेलो. चार महिन्यांनी. त्यांनी दार अर्धवट उघडलं आणि मला आत घेतलं नाही. पत्र उंबऱ्यातच उभ्याने वाचलं, एकदा, मग परत पहिल्यापासून. त्या खूप वाळल्यात, अक्का. मी पायातल्या चपलांकडे बघत होतो.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बायको आहे का ह्याला?"

मी म्हणालो, पत्रात काही लिहिलेलं नाही, मला माहीत नाही.

त्यांनी पत्राची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "लिहून विचारा. आणि काय उत्तर येतं ते मला येऊन सांगा."

मग दार लावलं. आज त्या दंतवैद्याला पत्र टाकलंय. उत्तर यायला तीन आठवडे तरी लागतील.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरचा तुझा जीव आहे तसा राहू दे, आजकाल तेवढ्यावरच चाललंय.

तुझा
धाकटा